तालुक्याच्या वाचनालयाची नवी इमारत : ऊन, पाणी, वाळवी आणि एक कोटी साडेआठ लाख

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर–धाराशिव पट्ट्यातलं तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय. अनुदानाच्या सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्ग, २४,००० ग्रंथ, स्वतःची ५ गुंठे जागा, गळणारी पत्र्याची इमारत. कार्यकारिणीला नवी, पर्यावरणपूरक इमारत हवी आहे. आर्किटेक्टने दिलेल्या चित्रात पश्चिमेला रस्त्याकडे काचेची दर्शनी भिंत, त्या शेजारी भिंतीवर लावलेली झाडं आणि छतावर सोलर आहे. हातात १८ लाख आहेत. पैसा कुठून आणायचा आणि चित्रातलं काय ठेवायचं?

चित्रातलं सोलर ठेवा, बाकी दोन्ही काढा. पश्चिमेची काच एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते सहा वाचनकक्षाची भट्टी करेल, मग तुम्ही एसी लावाल आणि त्याचं बिल भरायला सोलर अपुरं पडेल. भिंतीवरच्या झाडांना उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, आणि तुमच्या गावात उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून किती वेळा पाणी येतं हे तुम्हीच जाणता. इमारत थंड, कोरडी आणि कमी खर्चात चालणारी होते ती दिशा, छत आणि जोतं या तीन गोष्टींनी. तिन्ही गोष्टी पहिल्या ठेक्यातच बसवाव्या लागतात, नंतर जोडता येत नाहीत. सोलर मात्र दोन वर्षांनी बसवलं तरी काही बिघडत नाही. पैसा उभा करतानाही हाच क्रम लक्षात ठेवा.

आधी किती जागा लागते ते पाहू

इमारतीचा आकार ग्रंथांवरून ठरवा, प्लॉटवरून नव्हे. दोन्ही बाजूंनी उघडा, ३ फूट रुंद, ७ फूट उंच, सहा खणांचा लोखंडी रॅक घ्या. एका खणात वाढीला जागा ठेवून साधारण २५ मराठी पुस्तकं बसतात, म्हणजे एका बाजूला १५०, दोन्ही मिळून ३००. २४,००० पैकी कसर लागलेली, पानं गळालेली, दहा वर्षांत कुणी हात न लावलेली क्रमिक पुस्तकं यांचं आधी रीतसर निर्लेखन करा, म्हणजे ती नोंदीतून कमी करा. कार्यकारिणीचा ठराव, दाखल नोंदवहीत नोंद, आणि वर्गासाठी लागणारी किमान ग्रंथसंख्या खाली जाणार नाही एवढं भान. २०,००० उरले तर ६७ रॅक लागतात. दोन रांगांमध्ये ३ फुटांची वाट आणि मधली मोठी वाट धरून रॅकमागे साधारण १.६ चौरस मीटर जागा जाते. म्हणजे ग्रंथदालन १,१५० चौरस फूट. निर्लेखन टाळलंत तर नुसत्या रद्दीसाठी आणखी १३ रॅकची, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांची इमारत बांधावी लागते. इमारत लहान ठेवण्याइतकी पर्यावरणाची बचत दुसऱ्या कशानेही होत नाही.

बाकी वृत्तपत्र वाचन ३००, बालविभाग २५०, देवघेव १२०, जिना आणि स्वच्छतागृह २३०. तळमजला आतून २,०५० चौरस फूट, भिंतींसकट २,४०० होतो. वर ५० जणांची अभ्यासिका, १,००० चौरस फूट. एकूण ३,४०० चौरस फूट.

ग्रंथदालन तळमजल्यावरच हवं, आणि हा मुद्दा सोडू नका. भारतीय मानक ८७५ प्रमाणे २.२ मीटर उंचीपर्यंतच्या रॅकच्या खोलीला चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ ६०० किलो भार धरावा लागतो. घराच्या खोलीला २०० धरतात. पुस्तकं वर नेली तर स्लॅब, तुळया, खांब सगळं जाड होतं. सिमेंट आणि लोखंड वाढतं, आणि बांधकामापायी होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा निम्म्याहून जास्त वाटा तिथेच असतो. पुस्तकं खाली ठेवली की तो भार थेट जमिनीवर जातो. अभ्यासिकेत पुस्तकांचा साठा नसेल तर ३०० किलो धरून भागतं. तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला ४०० धरायला सांगा, कारण दहा वर्षांनी कुणीतरी तिथे कपाटं नेऊन ठेवणारच.

जोतं आणि काळी माती

तुमच्या भागात काळी माती असण्याची शक्यता मोठी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया कठीण मुरमापर्यंत नेतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. फसतं ते फरशीखालचं. खांब मुरमावर उभे असतात आणि फरशी मात्र काळ्या मातीवर. त्यावर रॅक आले की दोन पावसाळ्यांत फरशी उचलते, रॅक कलतात, आणि ओळीतला एक कलला की पुढचे त्याच्यावर रेलतात. म्हणून फरशीखालची काळी माती किमान २ ते ३ फूट काढून मुरूम भरा. भरायचा तो ८-८ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसून. ठेकेदार तीन फूट मुरूम एकदम ओततो आणि वरून रोलर फिरवतो. ते चालत नाही. खाली पोकळ राहतं.

जोत्याची उंची रस्त्याच्या माथ्यापासून ३ फूट धरा. दोन फूट पुरले असते, पण नगरपरिषद दर पाच-सात वर्षांनी जुन्या थरावरच नवा डांबराचा थर देते, आणि रस्ता हळूहळू तुमच्या दारात चढतो. रॅम्प १ ला १२ उताराने, म्हणजे ३ फुटांना ३६ फूट. तो वळवून बसवावा लागतो, तेव्हा आराखड्यात आधीच जागा ठेवा. नाहीतर शेवटी कुणीही चढू शकणार नाही असा घसरगुंडीसारखा रॅम्प होतो.

वाळवीसाठी पायाच्या वेळी औषध मारावं की नाही यावर पर्यावरणाच्या नावाने वाद होतो. इथे मी औषधाच्या बाजूने आहे. भारतीय मानक ६३१३ प्रमाणे पायाच्या खड्ड्यात, जोत्याच्या भरावावर आणि भिंतीच्या सांध्यांत एकदा नीट केलेला उपचार हा दर वर्षी खोलीत धूर आणि फवारे मारण्यापेक्षा कमी विषारी आहे. त्याबरोबर दोन पथ्यं पाळा : रॅक भिंतीपासून ४ इंच दूर, आणि पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा उपचार केलेल्या जोत्यापासून लांब, प्लॉटच्या उताराच्या टोकाला.

ऊन कुठून येतं

पुस्तकांत ‘उत्तरेचा उजेड सावलीचा’ असं वाचायला मिळतं. ते युरोपचं गणित आहे. १८ अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन चक्क आत येतं. म्हणून उत्तरेच्या मोठ्या खिडक्यांना दोन्ही कडांना एक-दीड फुटाचे उभे पडदे, म्हणजे भिंतीचेच कान, काढून घ्या. बाकी वर्षभर उत्तरेचा उजेड उत्तमच. वृत्तपत्र वाचन आणि बालविभाग तिथे ठेवा.

दक्षिणेला उलट. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारचा सूर्य ७२ अंशांवर असतो, त्यामुळे ५ फूट उंच खिडकीला पावणेदोन फुटांचा छज्जा पुरतो. दोन फुटांचा घ्या. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांपर्यंत खाली येतो. तेव्हा पूर्ण सावली हवी तर साडेचार फुटांचा छज्जा लागेल. तो काढत बसू नका. दक्षिणेच्या भिंतीला काटकोनात रॅक लावा, खिडकी दोन रांगांमधल्या वाटेसमोर येऊ द्या, आणि खिडकीचा खालचा काठ ७ फुटांवर न्या. हिवाळ्याचं ऊन वाटेत पडेल, पुस्तकांच्या पाठीवर नाही.

पश्चिमेला जिना, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, जुन्या अंकांची खोली. दर्शनी भाग रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला आहे आणि तो ‘दिसला’ पाहिजे असा आग्रह असेल, तर जिन्याची विटांची जाळी करा. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं ग्रंथालय लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात विटांतच बांधलं, आणि ते देखणं आहे. मात्र जाळी जिन्यापुरतीच. तुमच्याकडे केरळचा दमटपणा नाही, धूळ आहे. ग्रंथदालनाला जाळी लावली तर दर आठवड्याला पुस्तकं झटकायला वेगळा माणूस ठेवावा लागेल.

भिंत आणि छत

भिंतीसाठी फ्लाय अॅशच्या (कोळशाच्या राखेच्या) विटा आणि रॅट ट्रॅप बाँड ही पोकळ भिंतीची रचना सुचवतो. वीट पालथी न ठेवता कडेवर उभी करायची. २३० मिमी जाडीच्या भिंतीत दोन्ही तोंडांना ७५-७५ मिमीच्या विटा आणि मध्ये ८० मिमीची हवेची पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात, माल त्याहून जास्त वाचतो, आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. बिघडतं ते तीन ठिकाणी. जोतं, खिडकीचा खालचा काठ, लिंटल आणि सर्वांत वरचा थर भरीव घ्यावा लागतो. गवंडी विसरला तर पोकळीत पाली आणि मुंग्या घर करतात. विजेच्या पाइपसाठी नंतर भिंत कापायची नाही. पाइप बांधतानाच पोकळीतून वर घ्यायचा. आणि बाहेरून गिलावा करणार नसाल तर दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, नीट भरून घ्या. गवंड्याला हे काम नवं असेल तर आधी कुंपणाची दहा फूट भिंत त्याच्याकडून बांधून घ्या. ती बिघडली तरी कुंपणच आहे.

कोकणातल्या वाचनालयांनी हे उचलू नये. तिथे जांभा आहे, आणि उघड्या पोकळ भिंतीत तिथला पाऊस शिरतो.

आता छत. बुटक्या, पसरट इमारतीत उष्णता सर्वांत जास्त तिथूनच येते आणि पैसाही तिथेच घालायचा. स्लॅबवर १ ला १०० उताराचा कोबा, त्यावर पाणीरोधक थर, कठड्याच्या मुळाशी गोलावा. मग ७२ तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालून खडूने ओल तपासायची. पाणी मोजपट्टीने मोजा आणि मोजमाप लिहून ठेवा. ‘उन्हाने आटलं’ हे उत्तर ऐकू नका, शेजारी बादलीत तेवढंच पाणी ठेवून दोन्हींची घट ताडून बघा. त्यानंतर ५० मिमी जाडीचे एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) पाट, त्यावर कापडाचा थर, जाळी घातलेलं दीड-दोन इंच काँक्रीट, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. साध्या कोब्याच्या वर याला चौरस फुटाला सुमारे १३० रुपये जास्त धरा.

इथेच सर्वांत महाग चूक होते. सोलरवाला दोन वर्षांनी येतो, स्टँडसाठी स्लॅबला ड्रिल मारतो, आणि ज्या थराची ७२ तास चाचणी घेतली त्यात चाळीस भोकं पडतात. खाली पुस्तकं. म्हणून स्लॅब ओततानाच १ फूट बाय १ फूट, १ फूट उंचीचे काँक्रीटचे ठोकळे बोल्टसकट उभे करून घ्या, मग सोलर आज असो वा पाच वर्षांनी. पावसाचे पाइप आणि वरच्या मजल्याचं सांडपाणी यातलं काहीही ग्रंथदालनाच्या डोक्यावरून जाता कामा नये. नकाशावर लाल पेन्सिलीने प्रत्येक पाइप काढून बघा.

हवा, कूलर, वीज, पाणी

ग्रंथदालनाला एसी नको. दिवसा दहा तास चालवून रात्री बंद केलेला एसी पुस्तकांना एसी नसण्यापेक्षा वाईट. गार पडलेल्या पुस्तकांवर पावसाळ्यात सकाळी दार उघडलं की दमट हवा जमते आणि बुरशी धरते. कूलरही नको, उन्हाळ्यात तो वाचनकक्षाला छान, पण मध्ये बंद होणारं दार हवं आणि हवा बाहेर जायला समोर खिडकी उघडी हवी. दालनात ७०-८० टक्के आर्द्रता झाली की कसर आलीच. पाच-सहाशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला टांगा. ४५ ते ६० मध्ये काटा असला की निश्चिंत.

दिवे आणि पंख्यांचा हिशेब असा : १८ वॅटचे ६० एलईडी म्हणजे १.१ किलोवॅट, दिवसाला सरासरी पाच तास. २८ वॅटचे २४ बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) पंखे मिळून पाऊण किलोवॅटच्या आत. साधे ७५ वॅटचे घेतले तर १.८ होतात. संगणक, पंप धरून दिवसाला साधारण १४ युनिट. तुमच्याकडे १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं आणि १०० चौरस फूट छत घेतं. ५ किलोवॅट पुरेसं, अभ्यासिका रात्री अकरापर्यंत चालवली तरी.

चार गोष्टी आधी तपासा. एक, वीजजोडणी ‘सार्वजनिक सेवा’ वर्गात आहे का. अनेक वाचनालयं वर्षानुवर्षं ‘व्यावसायिक’ दराने बिल भरत असतात. दोन, नेट मीटरिंगमध्ये (जादा सोलर वीज कंपनीला देऊन ती बिलातून वळती करण्यात) सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही, तेव्हा नव्या जोडणीलाच ५ किलोवॅट भार मागा. तीन, घरगुती छतांसाठीची केंद्राची अनुदान योजना वाचनालयाला लागू नाही. विक्रेता काहीही सांगो. चार, वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं. संध्याकाळच्या लोडशेडिंगला वेगळा इन्व्हर्टर लागेलच, तो फक्त दिवे-पंख्यांपुरता घ्या.

पाण्याचं गणित सरळ आहे. छत २२३ चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ६०० मिमी, त्यातला ८० टक्के हाती लागला तर १,०७,००० लिटर. ५ गुंठे म्हणजे ५०६ चौरस मीटर. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत ५०० पासून पुढच्या भूखंडाला पर्जन्यसंचय बंधनकारकच आहे, तेव्हा हा खर्च ‘हरित’ म्हणून वेगळा मिरवायचा नाही. पहिल्या पावसाचं ३०० लिटर वाहून जाऊ द्या, मग २०,००० लिटरची टाकी, आणि तिचं ओसंडणारं पाणी गाळणीतून कूपनलिकेत.

खर्च

दर तुमच्या तालुक्यात तपासा, पण मांडणी ही धरा. बांधकाम ३,४०० चौरस फूट, २,२०० रुपये दराने ७४.८० लाख. छताचा जादा थर ३.१२, सोलर २.७५, पाणी २ लाख. रॅक ६७, प्रत्येकी १४,००० धरून ९.३८. टेबलं-खुर्च्या ८० जणांच्या ३.६०. संगणक वगैरे २. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर ३.७५. बेरीज १०१.४०, त्यावर ७ टक्के अकल्पित. एक कोटी साडेआठ लाख. यातला छत, सोलर आणि पाणी हा भाग जेमतेम ७.८७ लाख आहे. ‘पर्यावरणपूरक म्हणजे दीडपट खर्च’ असं कार्यकारिणीत कुणी म्हणालं तर हा आकडा पुढे ठेवा. आणि ठेकेदाराच्या दरात १८ टक्के जीएसटी धरलाय की ‘वेगळा’ आहे हे लेखी घ्या. एकट्या त्या शब्दात तेरा लाख जातात.

हरित मानांकन घ्यायचं का? ‘गृह’ या भारतीय मानांकनाची २,५०० चौरस मीटरपर्यंतच्या इमारतींसाठी ‘स्वगृह’ ही सोपी पद्धत आहे. देणगीदार कंपनीने मागितलं तर घ्या, नाहीतर ती फी छतात घाला. मानांकनावर मिळणाऱ्या जादा चटईक्षेत्राचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयाला लीड गोल्ड हे हरित मानांकन आहे, पण तो सरकारी पैशातला वातानुकूलित मनोरा. त्याची नक्कल तालुक्याला परवडत नाही.

पैसा कोणता, कुठल्या भागाला

तामिळनाडू-कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर गोळा होतो. आपल्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात तो नाही. १९७० च्या नियमांच्या नावात ‘इमारत व साधनसामग्री अनुदान’ हे शब्द आहेत खरे, पण दरवर्षी खात्यात येतं ते परिरक्षण अनुदान, आणि ते पगार, ग्रंथखरेदी यांतच संपतं. त्यातून इमारत होत नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांना जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत अर्ज जरूर करा. फर्निचर, संगणक, बालविभाग यांसाठी. पण ती रक्कम इमारतीच्या हिशेबात धरू नका. आली तर वरकड.

सगळ्याच्या आधी कागद. जमिनीचा मालमत्ता पत्रक किंवा सातबारा संस्थेच्या नावावर हवा, तीस वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांच्या नावावर नव्हे. धर्मादाय कार्यालयातल्या शेड्यूल-१ वर आजचे विश्वस्त दिसले पाहिजेत. मागच्या तीन-चार निवडणुकांचे बदल अर्ज प्रलंबित आहेत, म्हणून शेड्यूलवर दोन मयत विश्वस्त अजून विराजमान आहेत, ही महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्थांची कहाणी. आणि कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या निधीच्या) विभागात फाइल तिथेच थांबते. हे काम आजच वकिलाकडे द्या, त्याला वेळ लागतो.

आमदार-खासदार निधी तुमच्या खात्यात येत नाही. शिफारस, जिल्हा स्तरावर प्रशासकीय मान्यता, मग सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा नगरपरिषद काम करते. नोंदणीकृत संस्थांसाठी किती वर्षं जुनी आणि एकूण किती रक्कम याच्या मर्यादा आहेत, त्या जिल्हा नियोजन कार्यालयातून आजच्या घडीच्या घ्या. मुख्य अडचण वेगळी : सरकारी अंदाजपत्रक ठरलेल्या दरसूचीवर (कामांच्या सरकारी दरांच्या यादीवर) चालतं. खांब, स्लॅब, जोतं, मुरूम, साधी भिंत हे दरसूचीत सहज बसतं. रॅट ट्रॅप, एक्सपीएस यांच्यावर उपअभियंता ‘दर पृथक्करण द्या’, म्हणजे हा दर कसा काढला ते दाखवा, असं म्हणतो आणि सहा महिने जातात. म्हणून या निधीतून सांगाडा आणि पाया घ्या, आणि छताचा थर, सोलर, पाणी हे दुसऱ्या पैशातून. मात्र कामाची हद्द नकाशावर रंगवून, दोन्ही अंदाजपत्रकांत लिहून ठेवा, म्हणजे एकच बाब दोनदा दाखवली असा लेखापरीक्षणात आक्षेप येणार नाही.

सीएसआर. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘सार्वजनिक ग्रंथालये उभारणे’ हे शब्द स्पष्ट आहेत, तेव्हा ‘आमच्या विषयात बसत नाही’ असं कुणी म्हटलं तर परिशिष्ट दाखवा. तुमच्याकडे १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ या नोंदणी अर्जाचा क्रमांक हवा. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते सीएला विचारा. एक गल्लत नेहमीची : सहकारी साखर कारखाना किंवा नागरी बँक कंपनी नाही, तिला सीएसआर लागू नाही. तिथे वेगळ्या भाषेत, सार्वजनिक कामासाठी नफ्यातला वाटा म्हणून मागायचं. खासगी साखर कंपनी, सूतगिरणी, सौर प्रकल्प चालवणाऱ्या कंपन्या या सीएसआरच्या यादीत घ्या. प्रस्ताव एप्रिल-जूनमध्ये द्या, जेव्हा वर्षाचा आराखडा ठरतो. फेब्रुवारीत मिळतो तो उरलेला पैसा, आणि तो ‘३१ मार्चच्या आत बिल द्या’ असं म्हणत येतो; त्यातून रॅक आणि सोलर होतं, स्लॅब होत नाही.

गावातून पैसा मागताना इमारत मागू नका, रॅक मागा. १४,००० रुपयांत एक रॅक, त्यावर आजोबांच्या नावाची पितळी पट्टी. ६७ कुटुंबं काढणं एक लाखाचे दहा देणगीदार शोधण्यापेक्षा सोपं, आणि तीच कुटुंबं पुढे सभासद राहतात. २,००० च्या वरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही. चेक किंवा यूपीआय. वार्षिक देणगी विवरण ३१ मेपर्यंत भरलं नाही तर देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी तो फोन उचलत नाही.

परदेशातले गावकरी हा मोठा आधार, पण इथे जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. ज्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलंय, त्याच्याकडून ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी एफसीआरए या परदेशी देणगी कायद्याखालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. पावती फाडण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारायला लाजू नये.

कर्ज काढायचं मनात असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६अ मधल्या धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीच्या अटी आधी वकिलाकडून तपासून घ्या. मी तो मार्ग सुचवणार नाही.

जुळणी (लाखांत) साधारण अशी दिसेल : स्वतःचे १८, आमदार-खासदार निधी ४०, सीएसआर २८, रॅकचे ९.४, स्थानिक देणग्या १३. यातले ६० टक्के लेखी हाती येईपर्यंत भूमिपूजन करू नका. खांबांच्या गंजलेल्या सळया आभाळाकडे बघत उभ्या असलेल्या इमारती प्रत्येक तालुक्यात आहेत. पैसा कमीच पडला तर तळमजला पूर्ण करा, वरचा मजला ठेवा. तेव्हा वरच्या मजल्याखाली येणाऱ्या १,००० चौरस फुटांवर एक्सपीएस आणि मोझॅक घालू नका, तो पुढे फोडावाच लागेल. दर मार्चमध्ये पांढरा चुना मारा. पुढच्या खांबांच्या सळया कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये गाडून ठेवा.

चालू खर्चासाठी बांधकामाच्या एक टक्का, वर्षाला ७५ ते ८० हजार, वेगळे लागतात : पॅनेल धुणं, पन्हाळी साफ करणं, दर्जा भरणं, रंग. अभ्यासिकेचे ५० जण महिन्याला ४०० रुपये देत असतील तर वर्षाचे २,४०,००० होतात. त्यातून हा खर्च भागतो. हे पैसे इमारत खात्यातच ठेवायचा ठराव आत्ताच करून घ्या, नाहीतर ते पगारात विरतात.

बांधकाम दिवाळीनंतर सुरू करून स्लॅब फेब्रुवारीच्या आत टाका. एप्रिलमध्ये क्युरिंगला पाणी मिळत नाही. आणि इमारत जूनमध्ये पूर्ण झाली तरी पुस्तकं लगेच हलवू नका. नवं काँक्रीट आणि गिलावा कित्येक महिने ओल सोडत राहतात. पावसाळाभर रिकामे रॅक आणि अभ्यासिका वापरा, गळती कुठे आहे ते कळेल. दिवाळीनंतर आर्द्रतामापक सलग पंधरा दिवस ६० च्या खाली राहिला की रॅकच्या क्रमाने गठ्ठे बांधा, प्रत्येक गठ्ठ्यावर दाखल क्रमांक लिहा, आणि खालच्या खणापासून भरायला घ्या. वरचे खण आधी भरले की मोकळा रॅक डोक्यावर येतो.